रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून

सीपीआरच्या अपघात विभागातून निवास पोवारनं
तीन वर्षांचं रजिस्टर बाजाराच्या पिशवीतून आणलं.
पानांत कोथिंबिरीची एक काडी निघाली.
मी नकाशा टेबलावर पसरला.
मयताला लाल टाचणी, हाड मोडलं त्याला पिवळी.
जेवणाच्या सुट्टीआधीच लाल संपल्या.
शिपाई महाद्वार रोडला गेला आणि
शिंपी वापरतात त्या, मोत्याच्या डोक्याच्या घेऊन आला.
तेव्हापासून आमच्या नकाशावर काही माणसं
पांढरी चमकतात.

आक्काताई सुतार, दळणाचा डबा डोक्यावर.
शौकत बागवान, वय एकोणीस, रिव्हर्स येणारा टेम्पो.
पोलिसांच्या कागदात प्रत्येकाचं कारण तेच :
‘हयगयीने, अविचाराने,
रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.’
गाताडे मॅडमनी वाक्याखाली पेन्सिल ओढली.
‘दुर्लक्ष कुणी केलं?’
पंखा फिरत राहिला.

लोहार तिकटीचं वळण मीच आखलंय.
ट्रक सहज वळावा म्हणून कोपरा चांगला ऐसपैस, गोल.
इतकं सहज झालं
की तिथं कुणाला ब्रेक आठवेना.

फळ्यावर मॅडमनी लिहिलं, मयत : शून्य. मुदत : दहा वर्षं.
मागच्या बाकावरून कुणी हसलं,
‘मॅडम, कोल्हापूर हाय हे.
इथं हेल्मेट आरशाला घालत्यात.’

त्याच संध्याकाळी बाबालाल वस्तादांकडं गेलो,
तालमीची पायरी फुटपाथवर येते, ती मागं घ्या म्हणायला.
ते आखाडा उकरत होते.
लाल माती, ताक, तेल, मूठभर हळद.
फावडं न थांबवता म्हणाले,
‘रोज उकराय लागती ओ.
पडू नगंस म्हणून पैलवान पडायचा ऱ्हातोय व्हय?
पडणारच त्यो.
पडल्यावर मान मोडू नये, एवढं माझ्याकडं.’
पायरीचं बोलायचं राहूनच गेलं.

मग आम्ही तिकटी उकरली.
आधी नुसते वाळूचे ड्रम आणि चुन्याच्या रेघा,
महिनाभर कोपऱ्यावरच्या टपरीत बसून चाकं कुठून जातात ते बघितलं.
कोपरा आवळला. रस्ता बारीक केला,
तीसच्या वर काटा न्यायचं मन होऊ नये इतका.
झेब्रा पट्टा फुटपाथच्या उंचीला उचलला :
आता पायरी गाडीनं चढायची,
डबा घेतलेल्या बाईनं नाही.
कारखान्याला पत्र गेलं,
मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली काट्यावर घेऊ नका.
पत्राचं उत्तर अजून यायचंय.

व्यापाऱ्यांनी अर्धा दिवस दुकानं बंद ठेवली.
दोन ड्रम रात्रीत गेले;
त्यातला एक मला पुढं एका गच्चीवर दिसला,
पाण्यानं भरलेला, आमचा पिवळा पट्टा तसाच.
वस्तादांनी पायरी स्वतःच फोडली,
न सांगता, एका रविवारी.

आज पहाटे साडेपाचला टेप घेऊन उभा होतो.
किटल्या अडकवलेली एम-एटी आली, आडवं कुत्रं आलं,
पोरगं घसरत पट्ट्यावर पडलं.
मागचा टेम्पो उंचवटा चढायला आधीच हळू झालेला,
त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबला.
इंजिन घरघरत राहिलं.
पोरगं उठलं. कोपर बघितलं, थुंकी लावली.
‘कुणी केलंय रं हे उंचवटं? म्हापालिकेच्या…’
शिवी दोन पिढ्या मागं जाऊन आली.
मी मान खाली घालून पूर्ण ऐकली.

हे कुठल्या रजिस्टरात चढणार नाही.
निवास पोवार अजून झोपलेला असेल.
दूध पांढऱ्या पट्ट्यांवरून
गटारीकडं न जाता मध्येच साचत होतं.
वाकलो,
आणि उतार मोजून घेतला.